सांभाळून खेळणाऱ्या एमएमए फायटरची दुरुस्ती: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

सोलापुरात एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ठोसे-लाथा आणि कुस्ती दोन्ही चालणारी लढत) शिकायला येणारी पोरं साधारण दोन वाटांनी येतात, एक तालमीतून आणि दुसरी कराटे, बॉक्सिंग नाहीतर किकबॉक्सिंगच्या क्लासमधून. दोन्हीकडे एक नमुना हमखास सापडतो. ड्रिलमध्ये सफाईदार, बॅगवर दणादण, पण समोर खरा माणूस उभा राहिला की हात बांधल्यासारखा. तीन मिनिटं गोल गोल फिरणार, दोनचार जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) हवेत सोडणार, मार फारसा खाणार नाही आणि तरी राउंड हरणार. बाहेरून सगळे ओरडतात, "काय बघलालास बे, घुस की!" मग तो घुसतो, हनुवटी वर करून, सरळ रेषेत, आणि खातो. पुढच्या वेळी अजून सांभाळून.

यात चूक क्रमाची आहे. बहुतेक ठिकाणी पोरगं घाबरतंय असं दिसलं की आधी भाषण देतात, मग कडक स्पारिंगला (पार्टनरशी सरावाच्या लढतीला) ढकलतात आणि तंत्र सगळ्यात शेवटी बघतात, म्हणजे बरोबर उलटं. त्याची भीती बऱ्याचदा खरी असते, कारण आत जायचा आणि बाहेर यायचा सुरक्षित रस्ता त्याच्याकडे नसतोच. तो रस्ता आधी बनवायचा, मनाचं काम त्याच्यासोबत चालवायचं, आणि कडक स्पारिंग शेवटी.

अजून एक. थांबून खेळणं म्हणजे रोग नाही. लियोटो माचिदा थांबूनच खेळायचा आणि २००९ ला यूएफसीचा (एमएमएच्या सगळ्यात मोठ्या संघटनेचा) लाइट हेवीवेट चॅम्पियन झाला. फरक एवढाच की तो थांबला की समोरचा बेचैन व्हायचा. तुमचं पोरगं थांबल्यावर समोरच्याला आरामात श्वास मिळत असेल तर खालचं सगळं करायला लागेल.

सुरुवातीच्या आधी काय काय लागेल

मोबाइल आणि स्टँड. शूटिंग बाजूने करायचं, कमरेच्या उंचीवरून, आणि फ्रेममध्ये पाय दिसलेच पाहिजेत, कारण अर्धे दोष पायातच असतात. शेवटच्या दहा सेकंदांना इशारा देणारं राउंड टायमर अ‍ॅप. स्ट्रायकिंगला (नुसत्या ठोसे-लाथांना) १६ औंसचे ग्लोव्हज, मिक्स (मार आणि पकड दोन्ही असलेल्या) स्पारिंगला ७ औंसचे, शिन गार्ड, ग्रोइन गार्ड आणि गरम पाण्यात टाकून दाताच्या मापाचा केलेला माउथगार्ड. हाताला आवर असलेले दोन पार्टनर, आणि हे सगळ्यात अवघड, मिळायला वेळ लागतो.

ज्या स्पर्धेला जायचंय तिचं नियमपत्रकही आधीच मागवून घ्या. अ‍ॅमॅच्युअरमध्ये राउंड बऱ्याचदा तीन मिनिटांचे असतात, प्रोफेशनलमध्ये पाच, आणि कोपर, डोक्याला गुडघा, जमिनीवरचे पंच चालतात की नाही हे प्रत्येक आयोजकाचं वेगळं असू शकतं. काय चालतं हेच माहीत नसलेला फायटर आपोआप सांभाळून खेळतो.

आणि वेळ. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी कोणीही थंडच पडणार. उन्हाने गळालेला आणि मनाने बिचकलेला माणूस व्हिडिओत सारखाच दिसतो, म्हणून तपासणी पहाटे नाहीतर रात्री आठनंतर.

१. आधी मोजा, बोलू नका

तीन राउंड नेहमीसारखं स्पारिंग करू द्या, एक शब्द सूचना नाही. मग व्हिडिओ लावून कागदावर पाच गोष्टी मोजा: दर मिनिटाला किती प्रयत्न केले (लागले की नाही ते सोडा), चकमक कोणी सुरू केली, एकच मारून थांबला का दोन-तीन जोडून मारले, मागे जाताना सरळ गेला का तिरका, आणि स्वतःला फटका बसल्यावर पुढचा प्रयत्न करायला किती सेकंद लावले.

कोचने वेगळं मोजायचं आणि पोराने वेगळं. पोराचा आकडा बहुतेक जास्त येतो, कारण जे मारायचं मनात आलं होतं तेही तो मोजतो!

मोजणं कशाला, दिसतंय की डोळ्यांना, असं काही वस्ताद म्हणतात. दिसतं, पण ताकद कमी पडली असं दिसतं. जुलै २०१८ ची फ्रान्सिस एन्गानू विरुद्ध डेरिक लुईस फाइट घ्या. जगातले दोन सगळ्यात जड हात, पंधरा मिनिटं, आणि दोघांचे मिळून महत्त्वाचे फटके लागले ३१. ताकदीचा प्रश्नच नव्हता. जानेवारीत स्टिपे मिओचिचकडून हरल्याची भीती या फाइटमध्ये घेऊन आलो होतो हे एन्गानूने नंतर स्वतः जाहीर सांगितलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने कर्टिस ब्लेड्सला ४५ सेकंदांत संपवलं. म्हणजे "याचा स्वभावच असला आहे" म्हणून पोरगं सोडून देऊ नका.

तपासा: पाचही आकडे कागदावर तारखेसकट आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका, नंतर फरक पडला का नाही हे कळणारच नाही.

२. भीती नेमकी कशाची आहे ते शोधा

सगळ्यात जास्त गाळली जाणारी पायरी हीच. "घाबरतोय" म्हटलं की विषय संपतो, पण कशाला घाबरतोय? त्यासाठी स्पारिंगमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन राउंड खेळवायचे आणि प्रयत्नांचा आकडा वाढतो का ते बघायचं. काय तपासतोय हे पोराला सांगायचं नाही.

तोंडावर मारायचं नाही, फक्त बॉडी आणि पाय: यात आकडा उसळला तर भीती तोंडावरच्या माराची आहे. तालमीतल्या पोरांमध्ये हे फार, कारण आयुष्यभर खडाखडी (उभ्याने मान-हात धरून झुंजणं) केली तरी थेट नाकावर बुक्की कधी आलेली नसते. फटका येताना डोळे मिटतात का, मान वळते का, हे व्हिडिओ हळू करून बघा.

टेकडाऊन (खाली पाडणं) बंद: यात मोकळा झाला तर त्याला खाली पडायची भीती आहे. कराटे-किकबॉक्सिंगवाला लाथ उचलत नाही कारण लाथ पकडली की आपण गेलो हे त्याला माहीत असतं. याचं औषध म्हणजे दोन महिने स्प्रॉल (पाय मागे फेकून पट अडवणं), अंडरहुक (समोरच्याच्या काखेखालून हात घालून पकड) आणि भिंतीला टेकून उठणं. त्याला जॅब शिकवून काही होणार नाही.

एक-एक मिनिटाचे राउंड: यात सुटला तर दम संपायची भीती. मजा अशी की दम बऱ्याचदा पुरेसा असतो, पण खांदे आवळून आणि श्वास धरून खेळल्यामुळे दीड मिनिटात फेस येतो, मग पुढच्या वेळी तो सुरुवातीपासूनच वाचवून वापरतो.

दार बंद, कॅमेरा दूर, बघणारं कोणी नाही, आणि पार्टनर वजनाने हलका: यात बदलला तर भीती माराची नाहीच, चुकायची आहे, हसं व्हायची आहे. आपल्या गावात हे जास्तच, बाकावर वडिलांचे मित्र, चुलत्याचा पोरगा, गल्लीतली दोन टाळकी बसलेली असतात आणि रात्री घरी जेवायच्या आधी रिपोर्ट पोचलेला असतो. सरळ उपाय करा, स्पारिंगच्या दिवशी बघे बाहेर.

कशानेच काही बदललं नाही तर बहुतेक भीती नाहीच, काय मारायचं हेच सुचत नाही. त्याने थेट तिसरा टप्पा घ्यायचा.

चारही चाचण्या एका दिवशी करू नका, थकवा मिसळला की आकडे खोटे पडतात.

सावधान: आधी नॉकआउट झालेला, डोक्याला जोरात लागलेला, डोकेदुखी, मळमळ, उजेडाचा त्रास, झोपेत बिघाड, विसरायला होणं असं काहीही सांगणारा मुलगा या लेखाचा विषय नाही. त्याचं स्पारिंग त्याच क्षणी बंद, आधी डॉक्टर. "थोडी चक्कर आली, काही नाही" म्हणणाऱ्याला त्याच दिवशी परत मॅटवर घेणारा कोच बदला.

३. पाय

सांभाळून खेळणारा एका ठराविक जागी उभा असतो: हात लांबवला तर लागत नाही आणि समोरच्याच्या किकच्या टप्प्यात मात्र येतो. फायदा शून्य, धोका पूर्ण. मारायचं तर त्याला दोन पावलं टाकावी लागतात आणि पहिल्या पावलालाच समोरच्याला कळतं.

मॅटवर रंगीत टेपने तीन पट्टे करा. लांबचा, जिथे कुणाचंच काही पोचत नाही. मधला, जिथे एका पावलात जॅब पोचतो. आतला, जिथे कोपर, क्लिंच (उभ्याने चिकटून धरपकड) आणि पट (पाय धरून पाडणं). नियम एकच, मधल्या पट्ट्यात दोन सेकंदांपेक्षा जास्त नुसतं उभं राहायचं नाही, काहीतरी करायचं नाहीतर लांबच्या पट्ट्यात परत. सुरुवातीला पार्टनर नकोच, टायमर आणि पट्टे पुरतात, आणि हो, दिसायला हास्यास्पद दिसतं, चालतंय.

मग वजन. असा फायटर मागच्या पायावर बसलेला असतो. स्टान्समध्ये (लढायच्या पवित्र्यात) उभा असताना म्हणा, "पुढचा पाय उचल." शरीर जराही न हलवता उचलला तर वजन जवळपास सगळं मागे आहे. अशा माणसाला मारायच्या आधी वजन पुढे आणावं लागतं आणि तेच समोरच्याला दिसतं. पण घाईघाईने सगळं वजन पुढच्या पायावरही टाकू नका, काफ किकने (पोटरीवरच्या लाथेने) पाच मिनिटांत लंगडा होईल.

आणि मागे सरकणं. सरळ मागे दोन पावलं माफ, तिसरं बाजूलाच गेलं पाहिजे. आपल्याकडे बहुतेक क्लासमध्ये खरी केज (लढतीचा जाळीचा पिंजरा) नाही, भिंतीला गाद्या लावून घ्या, कारण उघड्या मॅटवर मागे जाणाऱ्याला अडवणारं काही नसतं आणि ती सवय पुण्या-मुंबईच्या केजमध्ये पहिल्याच राउंडला महागात पडते. दोन्ही बाजूंना निघायची सवय लावा. कायम एकाच बाजूला फिरणाऱ्यासाठी समोरचा तिथे हुक (बाजूने येणारा ठोसा) नाहीतर किक ठेवूनच देतो.

तपासा: नवीन व्हिडिओ काढा, सरळ मागे गेल्याचा आकडा पहिल्या कागदाच्या निम्म्यावर आला का? तोपर्यंत चौथा टप्पा नाही.

४. हात

इथे फार शिकवायचं नसतं, असलेलं जोडायचं असतं. नियम: एकटा फटका बंद. जॅब मारला की मागून काहीतरी, क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), लेग किक, पटाची नक्कल, काहीही. दुसऱ्या कृतीची सवय लागली की पहिला फटका मारून "लागला का?" म्हणून बघत उभं राहणं आपोआप कमी होतं.

फेंटचं (हुलकावणीचं) सगळे चुकवतात. सांभाळून खेळणाऱ्याला फेंट आवडतो कारण त्यात धोका नसतो, म्हणून तो नुसते फेंटच करतो, आणि समोरच्याला दहा सेकंदांत कळतं की मागून काही येत नाही. आधी दोन-तीन खरे जॅब लागू द्या, मग फेंटला किंमत येते.

दोन्ही हात तोंडावर घेऊन कवच करायची सवयही मोडा. १६ औंसच्या ग्लोव्हजमागे माणूस लपतो, पण प्रोफेशनल फाइटचे ग्लोव्हज साधारण ४ औंसचे, त्यात हातांच्या मधून सगळं आत येतं. क्लासमधला चांगला बचाव स्पर्धेत गळतो तो यामुळे.

५. पट आणि बाहेर पडायचा रस्ता (तालमीतल्यांनी हे दोनदा वाचा)

मार लागला की तालमीतलं पोरगं लांबूनच पटात शिरतं, डोकं खाली, हात पुढे. मातीत यात फार तर पट हुकतो, इथे मान गिलोटिनमध्ये (पुढून गळा आवळणाऱ्या पकडीत) जाते नाहीतर तोंडावर गुडघा येतो. पट हा पळायचा रस्ता नाही. आधी हाताने शिवायचं, जॅब किंवा खडाखडीतली मानेवरची पकड, समोरच्याचे हात वर गेले की मगच उंची बदलायची, नजर वर, कान त्याच्या बरगडीला चिकटलेला.

माझं मत विचाराल तर तालमीतल्या पोराला बॉक्सर बनवायच्या नादी लागूच नका. खडाखडीचं अंतर हे त्याचं घर आहे. दस्ती ओढणं (हात धरून खेचणं), मान खाली दाबणं, मनगट धरणं हे त्याला झोपेत येतं. दोन जॅब आणि एक लेग किक शिकवा, त्या अंतरापर्यंत सुखरूप पोचण्यापुरतं, आणि पकडीतून मारायला शिकवा. निम्मी भीती तिथेच जाते.

बाहेर पडताना हात सोडून मागे उडी नाही. पुढचा हात त्याच्या खांद्यावर किंवा हासळीवर ठेवून तिरकं निघायचं. बोटं तोंडाकडे पसरून ठेवू नका, डोळ्यात गेलं तर फाउल.

जमिनीवर वरून नुसतं धरून बसू नका, खालून मिठी मारून पडू नका. वर असाल तर मारा किंवा पकड लावा, खाली असाल तर उठा.

६. फटका बसल्यानंतरचे दोन सेकंद

पहिल्या कागदावरचा पाचवा आकडा इथे लागतो. फटका बसला की असा फायटर "परत पहिल्यापासून" सुरू करतो, मागे जातो, ग्लोव्हज नीट करतो, आणि त्या वेळात समोरचा अजून दोन मारतो. ड्रिल सोपं आहे: पार्टनर पॅडने खांद्यावर किंवा कपाळावर हलकी टपली मारतो, उत्तर दोन सेकंदांत आलंच पाहिजे, आणि उत्तर ठरलेलं, जॅब किंवा टीप (ढकलणारी सरळ लाथ) किंवा क्लिंच, प्रत्येकाचं एकच. विचार करायला जागाच ठेवायची नाही. टपली बसताना श्वास बाहेर सोडायचा, आवाज आला तरी चालेल.

सावधान: टपली म्हणजे टपली. हळूहळू जोर वाढवत नेणारा पार्टनर असेल तर हे ड्रिल उलटं काम करतं.

७. स्पारिंग चढत्या क्रमाने

पहिली पायरी, एकाचंच काम: एक जण फक्त जॅब मारणार, दुसरा फक्त चुकवणार, मग अदलाबदल.

दुसरी, घंटा वाजल्यापासून दहा सेकंदांत पहिली चकमक आपल्या पोराने सुरू करायची, लागो न लागो. नुसती ही एक सवय लागली तरी फायटर वेगळा दिसायला लागतो, कारण सांभाळून खेळणाऱ्याचं पहिलं मिनिट "अंदाज घेण्यात" जातं आणि तो अंदाज कधी संपतच नाही.

तिसरी, वाईट जागेपासून सुरुवात. पाठ गादीच्या भिंतीला, समोरचा अंडरहुकसकट चिकटलेला, तीस सेकंद. चौथी, त्याला सांगा दोन राउंड हरलास, हा शेवटचा. पाचवी, दुसऱ्या क्लासचा अनोळखी पण समजूतदार पार्टनर. कडक स्पारिंग त्याच्याही नंतर, क्वचित, आणि फाइट जवळ आली की बंद.

पुढची पायरी कधी? आकडे सलग दोन वेळा टिकले की. एकदा चांगला खेळला म्हणून लगेच वर ढकलू नका.

इथली नेहमीची चूक म्हणजे "याला जरा मार खाऊ दे, भीती मोडेल" म्हणून वीस किलो जड सिनियरसमोर उभं करणं. भीती मोडत नाही, पोरगं क्लासला यायचं मोडतं.

८. राउंड कसा मोजतात ते पोराला सांगा

फ्रीस्टाइल कुस्तीत निष्क्रिय राहिलं की रेफ्री आधी ताकीद देतो, मग तीस सेकंदांचा अवधी, त्यात गुण घेता आला नाही तर समोरच्याला एक गुण. मॅटवरच्या पोरांना ही घंटा सवयीची असते. एमएमएत ती नाही. मुद्दाम लढत टाळणं नियमात फाउल आहे खरं, पण नुसत्या सांभाळून खेळण्याला बहुतेक वेळा कोणी थांबवत नाही, राउंड गुपचूप समोरच्याच्या खात्यात जातो.

युनिफाइड नियमांत (एमएमएच्या सामायिक नियमांत) जज आधी परिणामकारक स्ट्रायकिंग आणि ग्रॅपलिंग (धरपकड) बघतात, ते अगदी समसमान असेल तरच आक्रमकता, आणि तेही समान असेल तर केजवरचा ताबा. म्हणजे दहा फटके सुंदर चुकवल्याचे वेगळे गुण नाहीत, आणि नुसतं पुढे पुढे चालत गेल्याचेही नाहीत. मार्च २०२० मध्ये योएल रोमेरो हात वर धरून जवळजवळ पुतळ्यासारखा उभा राहून सुरुवातीला इस्रायल अ‍ॅडेसन्याची वाट बघत बसला. पाच राउंडनंतर निर्णय अ‍ॅडेसन्याच्या बाजूने गेला, आणि त्यानेही त्या रात्री काही धूमधडाका केला नव्हता. दोघे थांबले तर कोणाचा निकाल कसा लागेल याचा भरवसा नाही.

९. कॉर्नर

दोन राउंडच्या मधे कॉर्नरमध्ये, म्हणजे फायटर कोचकडे येतो त्या कोपऱ्यात, एकच मिनिट असतं. बसवा, श्वास, पाण्याचा घोट, मग एकच सूचना. "घुस", "मार", "वाघ आहेस तू" ही सूचना नाही. "जॅब, लो किक, उजवीकडे बाहेर" ही सूचना आहे. बिचकलेल्या डोक्याला काम द्यायचं, निकाल द्यायचा नाही. बोलणारा एकच माणूस, बाकीच्यांनी बाटली आणि टॉवेल धरायचा.

पहिल्या तीन कृती घरूनच ठरवून, कागदावर लिहून न्यायच्या. घंटा झाल्यावर ठरवायला बसला की परत फिरणं सुरू.

१०. फाइटचा आठवडा

इथे नवीन काही शिकवायचं नाही. घाम काढून वजन पाडायचे प्रयोग पहिल्या फाइटला नकोत, आणि पार्क स्टेडियमवर भर उन्हात रेनकोट घालून पळणं तर कधीच नको. पाणी कमी पडलेला माणूस हळू होतो, हळू झाला की मार चुकवता येत नाही, आणि मग सांभाळतो.

स्पर्धा पुण्यात असेल तर त्याच दिवशी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन दुपारी केजमध्ये उतरायचा हिशोब करू नका, आदल्या दिवशी पोचा. मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास करून सकाळी वजन देणारी पोरं अर्धी झोपेत असतात. डब्यातली शेंगा चटणी वजन होईपर्यंत बंद ठेवा, मीठ-तिखटाने तहान लागते. नातेवाइकांची जीप भरून नेऊ नका, निदान पहिल्या वेळी. दुसऱ्या टप्प्यातल्या शेवटच्या चाचणीत पोरगं बदललं असेल तर हे सक्तीचं समजा.

वॉर्मअपला नुसतं हातपाय हलवणं पुरत नाही. पॅडवर दोन छोटे राउंड, थोडी खरी धरपकड, खांद्यावर चार टपल्या. पहिला स्पर्श घंटेच्या आधीच होऊन गेला पाहिजे.

फाइट झाली की निकाल काहीही असो, दोनतीन दिवसांनी तेच पाच आकडे फाइटच्या व्हिडिओवरून काढा. प्रयत्न वाढले पण सरळ मागे जाणंही वाढलं असेल तर तिसरा टप्पा परत. फक्त शेवटच्या राउंडला आकडा कोसळला असेल तर एक-एक मिनिटाची चाचणी परत घ्या आणि श्वासाकडे बघा. आणि जिंकूनसुद्धा आकडे पहिल्या कागदासारखेच निघाले तर हार घालून फोटो काढा, पेढे वाटा आणि सोमवारी सातव्या टप्प्याच्या दुसऱ्या पायरीवर उभं करा.